चिपळूणला रेड अलर्ट आहे, लेकीला घरी बोलवून घ्यावं का?

जिंतूरकर
राम राम मंडळी. माझी लेक यंदा चिपळूण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागली. खोली शहरात, मुरादपूरला, तळमजल्यावर. हवामान खात्यानं रत्नागिरी जिल्ह्याला उद्या ऑरेंज अन् परवा रेड दिलंय. टीव्हीवाले सकाळपासून 2021 च्या पुराची चित्रं दाखवायलेत, तिची आई जेवंना झालीय. इकडं आमचं सोयाबीन माना टाकायलंय, अन् तिकडं हे.

मला त्या पावसाचा अंदाजच येईना. आपल्याकडं मराठवाड्यात महसूल मंडळात 65 मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात, पंचनामे सुरू होतात. तिकडं म्हणे 200 पडणार. आज रात्रीच्याच गाडीनं बोलवून घ्यावं असं घरात चाललंय. तिकडं नोकरी केलेलं कुणी असेल तर सांगा.

केजचा मास्तर
काका, रात्रीच्या गाडीनं मुळीच बोलवू नका. बाकीचं मग सांगतो.

चिपळूणहून आपल्याकडं यायचं तर कराडमार्गे, म्हणजे कुंभार्ली घाट. अशा पावसात घाटात दरड कधी खाली येईल ते एसटीच्या ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. मुंबईकडून फिरून यावं म्हणलं तर वाटेत परशुराम घाट, त्याची गत तीच. पोरगी गावात आहे तोवर तिला वर चढायला जिना आहे. घाटात अडकली तर काय आहे?

मी त्या तालुक्यात नोकरी करून आंतरजिल्हा बदलीनं परत आलोय, 2021 ला तिथंच होतो, खेर्डीत दुसऱ्या मजल्यावर. आता तुमच्या आकड्याचं. खातं 64.5 ते 115.5 मिलिमीटरला मुसळधार म्हणतं, 204.4 पर्यंत अतिमुसळधार, त्याच्या वर गेला की अत्यंत मुसळधार. हे सगळं 24 तासांचं, सकाळी साडेआठ ते साडेआठ. जुलैत तिकडं 65 झाला तर पोरं छत्री घेऊन शाळेत येतात, हजेरी भरते. त्या जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्या चारपट. तेव्हा नुसत्या 200 च्या आकड्यानं घाबरू नका. तो किती तासांत पडतो, अन् कुठं, ते बघा.

चिपळुणातला पाऊस एकटा गावाला बुडवत नाही. वर सह्याद्रीत धो धो झाला की वाशिष्ठी फुगते. त्यात वीज तयार करून सुटलेलं कोयनेचं पाणीही कोळकेवाडीतून याच नदीला येतं. आणि खाली दाभोळच्या खाडीला भरती असली की नदीला पुढं जायला जागाच राहत नाही. 22 जुलै 2021 ला गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचेच, मोठ्या भरतीचे दिवस. त्या दिवशी महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर नोंदला गेला. ते पाणी सावित्रीतून महाडकडं जातं, पण घाटमाथ्यावर काय चाललं होतं ते यावरून कळेल. परवा दिव्याची आवस आहे, आवसेलाही उधाण असतं, म्हणून भरतीची वेळ लेकीला आजच विचारून ठेवायला सांगा. भरती दिवसातून दोनदा येते अन् रोज पाऊण-एक तास पुढं सरकते.

मुरादपूर सखल भाग आहे, तळमजल्यावर झोपायचं नाही. पाणी समोरून नदीकडूनच येईल असंही नाही, शिवनदीतून उलटं मागून घुसतं. पोरगी उद्या संध्याकाळीच वर गेली पाहिजे, पुराच्या इशाऱ्याच्या भोंग्याची वाट बघत बसू नये.

परांड्याचा
मास्तरांचं खरं आहे. 2025 च्या सप्टेंबरात आमच्याकडं सीना फुगली तवा निम्मं पाणी वरून नगरकडून आलं. आमच्या शिवारावर आभाळ उघडलेलं अन् ऊस पाण्याखाली. आपल्या डोक्यावरचा पाऊस बघून काही कळत नाही.

आष्टी_77
त्यातला थोडा आमच्याकडं वळवा की राव 😀

केजचा मास्तर
गप बस की लेका, माणूस काळजीत आहे.

काका, एक राहिलं. रेड असला की जिल्हाधिकारी बहुतेक वेळा शाळांना सुट्टी देतात, पण म्हणून मुख्यालय सोडता येतंच असं नाही. मुख्याध्यापकांना विचारून घ्यायला लावा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर 1077, तो मोबाईलबरोबर कागदावरही लिहून ठेवायचा. लाइट गेली की पहिलं टॉवर जातं, तवा फोन लागला नाही म्हणून वहिनींनी रडायचं नाही. दिवसातून दोन वेळा ठरवून घ्या, तेवढ्याच वेळेला बोलायचं.

जिंतूरकर
लई उपकार झाले मास्तर. लेकीशी बोललो. घरमालकीणबाई वरच राहतात, म्हणाल्या आमच्याच खोलीत झोपेल, विचारायचं काय त्यात. बीएडचे कागद अन् गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वर ठेवल्यात. तिची आई थोडं जेवली. गॅसची टाकी भरलेली आहे, ती पण वर न्यावी का? एकटीच्यानं उचलायची नाही.

केजचा मास्तर
दोघी मिळून नेतील. 2021 ला रस्त्यावरून टाक्या तरंगत जायल्या होत्या. नाहीच जमलं तर रेग्युलेटर काढून टोपण लावायचं अन् टाकी बाहेरच्या बाजूला खिडकीच्या गजाला दोरीनं उभी बांधायची. अन् वर जाण्याआधी खालच्या खोलीचा मेन स्विच बंद.