नवीन गाडीची कंपनीने बसवलेली साउंड सिस्टिम पारखावी कशी? बाबांना मागच्या सीटवर कीर्तन समजले पाहिजे

दारव्हा_वावरवाला

नमस्कार मंडळी. आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. यंदा कापूस आणि तूर विकून झाल्यावर जुनी गाडी काढून चार मीटरच्या आतील एक नवीन पेट्रोल गाडी घ्यायचे ठरले आहे. गाडी कोणती, हा प्रश्न घरात सुटला आहे. अडले आहे ते व्हेरियंटवर. मधल्या व्हेरियंटमध्ये चार साधे स्पीकर येतात, तर सर्वांत वरच्या व्हेरियंटमध्ये नामांकित कंपनीची, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर (फक्त खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) असलेली सिस्टिम येते, आणि दोहोंच्या ऑन-रोड किमतीतला फरक दीड लाखाच्या आसपास जातो. वरच्या व्हेरियंटला सनरूफही आहे, परंतु विदर्भातल्या मे महिन्यात छताला काच कशासाठी हवी, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. म्हणजे माझ्या दृष्टीने ते दीड लाख बहुतांशी आवाजाचेच आहेत.

गेल्या आठवड्यात यवतमाळच्या शोरूममध्ये गेलो असता तेथील मुलाने काचा बंद करून स्वतःच्या मोबाइलवरचे एक दणदणीत गाणे लावले. सीट हादरली, दरवाजा हादरला, माझा मुलगा खूश झाला. मी मात्र गोंधळलो, कारण आमच्या गाडीत असे काही वाजतच नाही. बाबा मागे बसतात. त्यांचे वय ७६ आहे, ऐकणे कमी झाले आहे, आणि त्यांना खंजिरी भजन, कीर्तन व आकाशवाणीच्या बातम्या लागतात. सध्याच्या गाडीत ते दर पाच मिनिटांनी "काय म्हणे तो?" असे विचारतात, आणि मी आवाज वाढवला की "कमी कर ना, कान फुटते" म्हणतात.

शोरूममधल्या थोड्या वेळात खरे काय ते कसे ओळखावे? स्पीकरची संख्या, वॅट आणि कंपनीचे नाव यांपैकी कशाला किती किंमत द्यावी?

आर्वीचा_भोंगा

भाऊ, मी गेली सव्वीस वर्षे मंडप आणि साउंडचा व्यवसाय करतो. भागवत सप्ताहात आमची परीक्षा एकच असते: शेवटच्या रांगेतल्या, भिंतीला टेकून बसलेल्या आजीला महाराजांचा शब्द समजला की नाही. छाती धडधडवणारा बेस वरातीला चालतो, सप्ताहाला चालत नाही. तुमची गाडी म्हणजे पाच माणसांचा सप्ताह आहे, तेव्हा तिची पारख तशीच करावी, असे मला वाटते.

आधी कागदावरच्या आकड्यांचे सांगतो, कारण ते लवकर संपतात. साध्या कार स्टिरिओवर "५० वॅट गुणिले ४" असे लिहिलेले असते, तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर, चार ओहमच्या स्पीकरला, असा स्टिरिओ सलग देऊ शकतो तो प्रत्येकी साधारण २० वॅटच्या आसपास. त्यातही वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. स्पीकरच्या संख्येचेही तसेच आहे. "आठ स्पीकर" म्हटले की त्यांतले चार बहुधा बोटाएवढे ट्विटर, म्हणजे वरच्या स्वरांचे छोटे स्पीकर, असतात. ते निरुपयोगी नाहीत, पण आठ म्हणजे चाराच्या दुप्पट, असा हिशेब करू नये.

कंपनीच्या नावाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे नेक्सॉनच्या वरच्या व्हेरियंटमध्ये जेबीएलचे नऊ आणि क्रेटामध्ये बोसचे आठ स्पीकर मिळतात, एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे बारा मिळत असत. जेबीएल आणि हरमन कार्डन ही दोन वेगळी नावे वाटतात, पण दोन्ही हरमनचीच आहेत, आणि ती हरमन २०१७ पासून सॅमसंगच्या मालकीची आहे. नावाच्या मागे काम असते, हे मी नाकारत नाही. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर (आम्ही त्याला "मशीन" म्हणतो) आणि त्या विशिष्ट गाडीच्या काचा, सीटा व दरवाजे पाहून केलेले ट्यूनिंग, यांचेच खरे पैसे असतात. परंतु याच कारणाने एका गाडीतल्या नावाची कीर्ती दुसऱ्या गाडीच्या कामी येत नाही. ज्या गाडीत बसायचे, तीच ऐकावी लागते.

आता ऐकायचे कसे ते. पहिली गोष्ट, शोरूमच्या मुलाचा मोबाइल नको; तुमची पेनड्राइव्ह न्या. तीत तुमच्या ओळखीची तीन-चार ध्वनिमुद्रणे चांगल्या प्रतीची असावीत, म्हणजे एमपी३ असेल तर ३२० केबीपीएसची. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत आलेले कीर्तन नेऊ नका, ते आधीच पिळून निघालेले असते. गाण्यांच्या अ‍ॅपवर अवलंबून राहिलात तर नेटवर्क कमी होताच अ‍ॅप आपणहून प्रत खाली आणते आणि तुम्ही दोष स्पीकरला देता. ब्लूटूथवरही आवाज दाबूनच पाठवला जातो. वायरने किंवा वायफायवर चालणाऱ्या अँड्रॉइड ऑटोने ती अडचण बरीच कमी होते.

दुसरी गोष्ट, सेटिंगमध्ये जाऊन बेस, मिड, ट्रेबल (खालचे, मधले आणि वरचे स्वर) शून्यावर आणा, "सराउंड", "कॉन्सर्ट" वगैरे जे काही असेल ते बंद करा, आणि मग आवाज तुम्ही घरी ठेवता तेवढाच ठेवा. विक्रेता आवाज का वाढवतो, याला कारण आहे. हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात (हे १९३३ मध्येच मोजून झाले आहे), त्यामुळे कोणतीही सिस्टिम मोठ्याने लावली की ती भरीव वाटते. दोन गाड्यांची तुलना करताना एकीचा आवाज किंचित जरी जास्त असला तरी तीच चांगली वाटणार. मोबाइलवर आवाज मोजायचे अ‍ॅप घ्या, तोच मोबाइल दोन्ही गाड्यांत एकाच जागी ठेवा आणि दोन्ही आवाज सारखे करून मगच ऐका.

काय ऐकावे? खंजिरी भजन ही फार उत्तम कसोटी आहे. आपल्याकडे गुरुकुंज मोझरीमुळे ते घरोघरी आहे, म्हणून तुमच्या कानाला त्याचा खरा आवाज ठाऊक आहे. खंजिरीवर थाप पडते तेव्हा कातड्याचा आवाज वेगळा आणि झांजांची किणकिण वेगळी ऐकू आली पाहिजे. स्वस्त ट्विटरवर ती किणकिण पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी येते. तबल्यात डग्ग्याची घुमक कोठे सुरू होते आणि कोठे थांबते हे कळावे. नुसते "धम्म" होऊन रेंगाळत असेल तर तो सबवूफर वरातीचा समजावा. आणि माणसाचा आवाज समोरून, डॅशबोर्डच्या वरून यावा. पायाशी कोणी बसून गात आहे असे वाटू नये.

मात्र आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचे पुढेच आहे. हे सगळे ऐकून झाल्यावर गाडी सुरू करा, एसीचा ब्लोअर पूर्ण करा आणि पुन्हा ऐका. एप्रिल ते जून आपण ब्लोअर चारवर ठेवूनच फिरतो, तेव्हा शांत शोरूममधला आवाज आपल्या काय उपयोगाचा? नंतर गाडी काँक्रीटच्या रस्त्यावर न्या. तुम्हाला कारंजावरून समृद्धी जवळ पडते. तेथे शंभराच्या वेगाला टायरचा जो घोंगावता आवाज येतो तो मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो आणि तो सर्वांत आधी बेस गिळतो, त्यानंतर बोलण्यातला भरीवपणा. म्हणून शोरूममध्ये ज्या सबवूफरने सीट हादरली तो रस्त्यावर अर्धा नाहीसा होतो. गाडीचे दरवाजे, टायर आणि काचा शांत असतील, तर चार साधे स्पीकरही त्या दीड लाखाला टक्कर देतात. साउंड सिस्टिमची चौकशी करताना गाडीच्या शांतपणाची चौकशी कोणी करत नाही, हे मला नेहमी नवल वाटते.

बाबांचे वेगळे आहे. वयामुळे ऐकणे कमी होते ते आधी वरच्या पट्टीतले, आणि स, श, फ, थ ही अक्षरे तेथेच राहतात. त्यांना आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही. म्हणूनच ते "काय म्हणे" विचारतात आणि वाढवला की "कान फुटते" म्हणतात. त्यांच्यासाठी बेस दोन-तीन घरे कमी करा, ट्रेबल किंवा वरचा मिड थोडा वाढवा आणि फेडर (आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरांत वाटणारे सेटिंग) मागे सरकवा. काही गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटमध्ये मागे स्पीकरच नसतात, जाळी मात्र असते. त्यामुळे बाबांना सोबत न्या, मागे बसवा, बातम्या लावा आणि ऐकलेले वाक्य त्यांना परत म्हणायला सांगा. यापेक्षा चांगले यंत्र माझ्या गोदामातही नाही.

मेहकर_घाटावरचा

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त स्वतःचा एक अनुभव जोडतो. मी तीन वर्षांपूर्वी आवाजासाठीच वरचा व्हेरियंट घेतला. पहिले सहा महिने उत्तम गेले. नंतर शेताच्या पांदण रस्त्याने रोजचे जाणे-येणे झाल्यावर डाव्या दरवाजाच्या आतील प्लास्टिक विशिष्ट स्वराला किरकिर करू लागले, आणि बेस जितका जोरकस तितकी किरकिर मोठी. सर्व्हिस सेंटरने दोनदा दरवाजा उघडला, दोनदा "आता ठीक आहे" असे सांगितले, आणि दोनदा मी घरी पोहोचेपर्यंत ते परत सुरू झाले. शेवटी गावातल्या वायरमनने क्लिपांच्या मागे फोमच्या पट्ट्या लावल्या, तेव्हा थांबले.

त्यामुळे टेस्ट ड्राइव्हसाठी नवी कोरी नव्हे तर भरपूर फिरलेली डेमो गाडी मागावी. मोबाइलवर ४० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा एकच स्वर वाजवणारी ध्वनिफीत मिळते, ती लावून दरवाजे, डिक्की आणि मागची नंबर प्लेट ऐकावी. जेथे कुरकुर होते तेथे हात दाबला की ती थांबते, म्हणजे जागा सापडते. त्याआधी दरवाजाच्या कप्प्यातल्या बाटल्या आणि चिल्लर काढून ठेवा, नाहीतर माझ्यासारखे अर्धा तास एका रुपयाच्या नाण्याला शोधत बसाल.

आणखी एक: सबवूफर बसतो कोठे ते पाहा. काही गाड्यांत तो स्टेपनीच्या खड्ड्यात असतो. रात्री पांदणीत पंक्चर झाल्यावर स्टेपनी कोणत्या आकाराची आहे, हा प्रश्न आवाजापेक्षा मोठा होतो.

वणी_कोळसा

मला वाटते, सगळेजण दीड लाखाचा प्रश्न दीड लाखातच सोडवू पाहत आहेत. मधला व्हेरियंट घ्या आणि पुढच्या दोन दरवाजांत चांगल्या कंपनीचे साडेसहा इंची कॉम्पोनंट स्पीकर (ज्यांत ट्विटर वेगळा येतो) बाहेरून बसवा. दरवाजाच्या पत्र्याला भोके असतात, त्यांतून स्पीकरच्या मागचा आवाज पुढे येऊन पुढच्या आवाजाला मारतो. ती भोके डॅम्पिंग शीटने (पत्र्याचा कंप दाबणाऱ्या चिकट पट्टीने) बंद केली की तोच स्पीकर दुप्पट किमतीचा वाटतो आणि टायरचा आवाजही थोडा कमी होतो. हे सगळे दीड लाखाच्या चौथ्या हिश्श्यात आरामात बसते. मात्र वायर कापू देऊ नका. गाडीच्या मॉडेलचे तयार कपलर (वायर जोडायचे प्लग) मिळतात, तेच लावून घ्या, म्हणजे वॉरंटीवरून वाद होण्याची शक्यता कमी राहते. स्पीकरच्या कडेचे रिंगण फोमचे नसून रबराचे आहे ना, हेही पाहा, कारण आपल्या उन्हात फोम लवकर भुगा होतो.

आर्वीचा_भोंगा

वणीच्या भाऊंचे म्हणणे साध्या चार स्पीकरच्या गाडीसाठी मान्य आहे, मीही अनेकांना हेच सांगतो. पण ज्यांनी वरचा व्हेरियंट आधीच घेतला आहे, त्यांनी त्यातले स्पीकर बदलण्याच्या भानगडीत पडू नये. त्यांचे मशीन त्याच स्पीकरसाठी जुळवलेले असते आणि त्या स्पीकरचे इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) अनेकदा चार ओहमपेक्षा कमी असते. दुसरा स्पीकर लावला की आवाज कमी तरी होतो किंवा बिघडतो तरी.

दारव्ह्याच्या भाऊंसाठी राहिलेले: बाबांच्या आकाशवाणीचे विसरू नका. मीडियम वेव्ह रेडिओत आहे की नाही ते स्क्रीनवर पाहून घ्या, कारण काही इलेक्ट्रिक गाड्यांत मोटरच्या खरखरीमुळे तो काढून टाकला आहे. पेट्रोल गाडीत खरखरीचा प्रश्न नसला तरी गृहीत धरू नये. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे यवतमाळ शहरात रेडिओ छान वाजला म्हणून तुमच्या गावात वाजेलच असे नाही. डीलर घरी टेस्ट ड्राइव्ह देतात. गाडी गावातच बोलवा.

दारव्हा_वावरवाला

सर्वांचे मनापासून आभार. काल डेमो गाडी गावात बोलावली होती, साडेचार हजार किलोमीटर फिरलेली, वरच्या व्हेरियंटची. मधल्या व्हेरियंटची गाडी शेजारच्या गावातल्या नातेवाइकांकडे निघाली, ती त्यांनी तासभर दिली. बाबांना दोन्हींत मागे बसवले, ब्लोअर पूर्ण, वेग सत्तर.

वरच्या व्हेरियंटमध्ये पहिल्यांदा बाबांना काहीच समजले नाही. सेटिंग उघडून पाहिले तर सराउंड सुरू आणि बेस सहावर होता. सराउंड बंद करून बेस शून्यावर आणल्यावर त्यांनी बातम्यांतली चारपैकी तीन वाक्ये बरोबर सांगितली. मधल्या व्हेरियंटमध्ये बेस उणे तीन, ट्रेबल दोन आणि फेडर मागे केल्यावरही तीनच सांगितली. फरक राहिला तो खंजिरी भजनात. वरच्या गाडीत थाप आणि किणकिण खरोखरच सुटी सुटी ऐकू येते, मधल्या गाडीत ती थोडी चिकटते. मुलाने तेवढ्यावर वाद घातला, बाबा म्हणाले, "भजन तं दोन्हींत भजनच आहे."

मधला व्हेरियंट बुक केला आहे. उरलेल्या पैशांत आधी ठिबकचे राहिलेले दीड एकर होईल आणि दिवाळीनंतर पुढचे दोन स्पीकर बदलू. आता एकच विचारायचे आहे: गाडी ताब्यात घेताना आवाजाच्या बाबतीत काय तपासावे?

आर्वीचा_भोंगा

पैसे पूर्ण भरण्याआधी आणि सीटांवरचे प्लास्टिक काढण्याआधी बॅलन्स (डावे-उजवे सेटिंग) व फेडर एकेका कोपऱ्यात नेऊन चारही स्पीकर वेगवेगळे ऐका. नव्या गाडीत एखाद्या दरवाजाचे कपलर नीट बसलेले नसते आणि चारही एकत्र वाजताना ते कळत नाही. नंतर इंजिन सुरू ठेवून, गाणे थांबवून, आवाज निम्म्याच्या वर न्या आणि रेस द्या. रेसबरोबर चढणारी शिट्टी आली तर अर्थिंगचा दोष आहे, तो तेथेच लिहून घ्यावा. चारही काचा खाली-वर करून पाहा, मागचा वायपर चालवून पाहा. आणि पेनड्राइव्ह तुमचीच न्या.