सैतानाची चित्रं आणि पुस्तकं: दांतेनंतर काय?

रानजाई
नमस्कार मंडळी. इटालियन कवी दांतेचा 'इन्फर्नो' (नरकातल्या प्रवासाचं काव्य) इंग्रजी भाषांतरातून नुकताच वाचून संपवला. शेवटच्या, ३४व्या सर्गात सैतान भेटतो, तो माझ्या मनातल्या सैतानासारखा मुळीच नाही. आगीचा पत्ता नाही. छातीपर्यंत बर्फात रुतलाय, तीन तोंडांनी तीन विश्वासघातक्यांना चावतोय आणि सहाही डोळ्यांतून पाणी वाहतंय. एक शब्द बोलत नाही. त्याच्याच पंखांच्या वाऱ्यानं ते तळं गोठतं आणि त्यातच तो अडकलाय, हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.
आता पुढे काय वाचू, कोणती चित्रं बघू? आणि शिंगं-खुरांचा सैतान आला कुठून? जुनी इंग्रजी मला जड जाते, तेवढं लक्षात घ्या.

जुनेपान
आधी चित्रं. इटलीत रावेन्नाच्या सान्त अपोलिनारे नुओव्हो चर्चमध्ये सहाव्या शतकातलं एक मोझेइक आहे. ख्रिस्त मेंढ्या आणि शेळ्या, म्हणजे पुण्यवान आणि पापी, वेगळे करतोय. मेंढ्यांच्या बाजूला लाल देवदूत, शेळ्यांच्या बाजूला निळा. हा निळा म्हणजे सैतानाचं सर्वांत जुनं चित्र, असं बरेच अभ्यासक मानतात. शिंगं नाहीत, शेपूट नाही, उलट डोक्यामागे तेजोवलय आहे. शिंगं-खूर नंतरचे, त्यांचं नातं ग्रीकांच्या पॅनशी, अर्ध्या बोकडाच्या त्या देवाशी, जोडलं जातं.

मग थेट 'कोडेक्स गिगास' उघडा. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) लिहिलेली ही पोथी, वजन ७५ किलो. १६४८ साली स्वीडिश सैन्यानं प्रागमधून लुटून नेली. आता ती स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि इंटरनेटवर पानन्‌पान बघता येते. सैतानाला अख्खं पान दिलंय. मी ते मोठं करून तासभर बघत बसलो होतो. हिरवा चेहरा, लाल शिंगं, तोंडातून दोन लाल जिभा, हातापायांना चार-चारच बोटं. आणि कमरेला राजेलोक वापरायचे तसल्या पांढऱ्या फरचं वस्त्र! एवढा विद्रूप काढूनही त्याचं राजेपण चित्रकारानं काढून घेतलेलं नाही. समोरच्या पानावर स्वर्गनगरी आहे, तिच्यात एकही माणूस नाही. दोन्ही पानं शेजारी ठेवूनच बघा.

ओसरी
+१. माझ्याकडून बेल्जियममधल्या लिएज कॅथेड्रलचा पुतळा. जोझेफ गीफ्सनं १८४२ साली घडवलेला सैतान फारच देखणा झाला म्हणून तो तिथून हलवला आणि काम त्याच्या थोरल्या भावाला, गियोमला दिलं. त्याचा १८४८चा सैतानही देखणाच आहे, फक्त पायात बेडी आहे.

दीपमाळ
रानजाईताई, इंग्रज कवी मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट' (१६६७), सैतानाच्या पतनाचं महाकाव्य, टाळू नका. भाषा जड आहे खरी, पण मोठ्यानं वाचलं की सुटत जाते. दृष्टी गेल्यावर मिल्टननं ते तोंडी सांगून लिहून घेतलं होतं. बरेच जण पहिले दोन सर्ग वाचून सैतानाच्या प्रेमात पडतात आणि पुस्तक मिटतात. कृपा करून चौथा वाचा. तिथे तो सूर्याकडे बघत एकटाच बोलतो आणि कबूल करतो की देवानं आपलं काहीच वाईट केलं नव्हतं. त्याच सर्गात पुढे झोपलेल्या ईव्हच्या (बायबलमधल्या पहिल्या स्त्रीच्या) कानाशी बेडकासारखा दबा धरून बसतो. एवढी घसरण एका सर्गात!

फारच जड वाटलं तर दोस्तोयेव्हस्कीच्या 'करमाझोव बंधूं'मधलं (१८८०) त्या भावांपैकी इव्हानला सैतान भेटतो ते प्रकरण वाचा. चौकड्यांची, फॅशन उलटून गेलेली विजार घातलेला, दिवस फिरलेला गृहस्थ. संधिवाताची तक्रार करतो. मला शिंगवाल्यापेक्षा याचीच धास्ती वाटते.

मांडवीकाठ
मराठीतला कोणीच सांगितला नाही? फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू) गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' लिहिलं. १६१६ साली गोव्यातच रायतूरला छापलं, म्हणजे मिल्टनच्या आधी ५१ वर्षं! देवदूतांच्या पतनाची कथा त्याच्या पहिल्या भागात, 'पहिल्या पुराणात' आहे. ज्ञानेश्वरीची सवय असेल तर भाषा अडणार नाही.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. कोडेक्सची दोन्ही पानं आत्ता समोर उघडली आहेत. दोन बुरुजांच्या मधोमध तो एकटाच, हात वर करून. दांतेचा बर्फातला सैतानच आठवला. आज रात्री मिल्टनचा चौथा सर्ग घेते, मोठ्यानं. 'क्रिस्तपुराण' उद्या ग्रंथालयात विचारते.