थायरॉईड स्कॅनआधी गोळी बंद करावी की इंजेक्शन घ्यावे?

प्रश्न (जुळे सोलापूर): कर्करोगामुळे माझ्या आईची थायरॉईड ग्रंथी काढली असून आता पुण्यात आयोडीन स्कॅन व्हायचा आहे. त्यासाठी तीन-चार आठवडे थायरॉक्सिनची (थायरॉईड संप्रेरकाची) गोळी बंद ठेवा किंवा थायरोजेनची इंजेक्शने घ्या, असे सांगितले आहे. दोहोंत फरक काय?

उत्तर १: ताई, हेतू एकच, टीएसएच म्हणजे थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक वाढवणे, कारण त्याच्या प्रभावाखाली उरलेल्या थायरॉईड पेशी किरणोत्सारी आयोडीन अधिक शोषतात. गोळी थांबवली की शरीर स्वतःच टीएसएच वाढवते, पण तोवर थकवा, बद्धकोष्ठता, सूज आणि थंडी सोसावी लागते. थायरोजेन म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेले टीएसएच, ०.९ मिलिग्रॅमची दोन इंजेक्शने २४ तासांच्या अंतराने नितंबाच्या स्नायूत देतात, दुसऱ्यानंतर २४ तासांनी आयोडीन देतात, आणि गोळी चालूच राहते. मळमळ वा डोकेदुखी होऊ शकते. खर्च मात्र बराच आहे.

प्रश्नकर्ती: मग इंजेक्शने सोलापुरातच घेतली तर चालतील का?

उत्तर २: औषध २ ते ८ अंश तापमानात राहिले पाहिजे, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तेच अवघड. शिवाय तिसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुण्यात पोहोचावे लागेल, म्हणून स्कॅन करणाऱ्या डॉक्टरांनाच आधी विचारा. पथ्य दोन्ही पर्यायांत सांगतात: आयोडीनयुक्त मीठ, दूध, अंडी आणि मासळी बंद. कडक भाकरी आणि शेंगा चटणी चालेल, पण घरी, आयोडीनविरहित मिठात केलेली, बाजारची नको.