व्हिएतनाममधले पाण्यावरचे आणि जमिनीवरचे पारंपरिक बाजार : सल्ला हवा आहे

पायवाट

नमस्कार. जानेवारीत आई-वडिलांना घेऊन व्हिएतनामला जायचे ठरते आहे. दोघेही सत्तरीच्या आसपासचे, चालण्याफिरण्यास ठणठणीत आणि पूर्ण शाकाहारी आहेत. देवळे आणि संग्रहालये तर पाहूच, पण वडिलांचा जन्म धान्याच्या पेढीवर गेल्यामुळे त्यांना खरे आकर्षण बाजारांचे आहे. मेकाँगच्या खोऱ्यातील तरंगते बाजार आता केवळ पर्यटकांपुरते उरले आहेत, असे ऐकले. ते खरे असेल तर एवढ्या लांब जाण्यात अर्थ आहे का? उत्तरेकडील डोंगराळ भागातील बाजारांसाठी वेगळा वेळ काढावा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नदीकाठचा

अर्थ आहे, मात्र एका अटीवर: कान थो शहरात आदल्या रात्री मुक्काम करावा. हो चि मिन्ह सिटीहून पहाटे निघून संध्याकाळी परत आणणाऱ्या सहली मिळतात, पण अंतर साधारण १७० किलोमीटर आहे आणि रस्त्याने साडेतीन-चार तास सहज जातात. म्हणजे तुम्ही पोहोचेपर्यंत बाजार उठलेला असतो.

कान थोजवळचा काइ रांग हा बाजार गावातील निन किएउ धक्क्यापासून नदीमार्गे सुमारे सहा किलोमीटरवर भरतो. पहाटे साडेपाचच्या आत होडीत बसलात तर उजाडता उजाडता तेथे पोहोचाल, आणि आठनंतर तेथे पाहण्यासारखे फारसे उरत नाही. हा मुळात घाऊक बाजार आहे, हे वडिलांना आधी सांगून ठेवा, कारण त्यांना त्यातच गंमत वाटेल. मोठ्या लाकडी नावा आतल्या गावांतून भोपळे, रताळी, अननस, कोबी भरून येतात, नदीत नांगर टाकून माल संपेपर्यंत थांबतात, आणि लहान होड्यांतले व्यापारी त्यांच्याकडून उचल करतात. नावेवरच संसार असतो: चूल, कुत्रा, कुंडीतली झाडे, सगळे काही. ओरडून माल विकणे इंजिनांच्या आवाजात शक्य नसल्याने प्रत्येक नावेच्या पुढच्या टोकाला एक उंच बांबू उभा करून त्यावर मालाचा नमुना टांगतात. भोपळा टांगलेला दिसला की समजावे, या नावेत भोपळे आहेत. दोरीवर वाळत घातलेले कपडे मात्र विकायचे नसतात. आणि बांबूवर झावळी बांधलेली दिसली तर माल नव्हे, नावच विकायला काढली आहे असा त्याचा अर्थ होतो.

कॉफी आणि शेवयांचे सूप विकणाऱ्या छोट्या होड्या तुमच्या होडीला येऊन बिलगतात. अननस विकणाऱ्या बाईचे हात अवश्य पाहावेत. साल काढून झाल्यावर ती अननसाचे काळे डोळे एकेक करून न टोचता सुरीने तिरक्या चरांत ओळीने कापून टाकते आणि देठ तसाच ठेवते, म्हणजे तो धरून फळ खाता येते.

अर्धा डझन

नदीकाठचा यांच्या वर्णनाशी मी सहमत आहे, पण अपेक्षा थोड्या आवरून जा, असे सुचवीन. काइ रांगला २०१६ साली राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा मिळाला खरा, पण दर्जामुळे नावा वाढत नाहीत. खोऱ्यात पूल आणि रस्ते झाले, शेतकऱ्याच्या बांधापर्यंत ट्रक येऊ लागला, मग दोन दिवस नावेवर काढण्याची गरज कोणाला? तिएन जियांग भागातील काइ बे येथील बाजार तर जवळपास संपल्यातच जमा आहे, तरीही त्याच्या नावाने सहली विकल्या जातात. तेव्हा सहलीच्या पत्रकात कोणत्या बाजाराचे नाव आहे, ते नीट वाचून घ्यावे.

वडिलांना घाऊक व्यवहार पाहायचा असेल तर हो चि मिन्ह सिटीतच चोलोन या चिनी वस्तीतला बिन्ह ताय बाजार दाखवा. क्वाच दाम नावाच्या चिनी व्यापाऱ्याने १९२०च्या दशकाच्या अखेरीस तो बांधून घेतला. पिवळ्या भिंती, कौलारू छपरे, मधोमध मोकळे अंगण आणि त्या अंगणात त्याचे स्मारक आहे. सुकी मासळी, मसाले, सुकामेवा, टोप्या, चपला असा सगळा माल डझनाच्या आणि पोत्यांच्या हिशेबाने हलतो, आणि एकच नग मागणाऱ्याकडे विक्रेते फारसे लक्ष देत नाहीत. शहराच्या मध्यभागी असलेला, घड्याळाच्या मनोऱ्याचा बेन थान्ह बाजार १९१४ सालचा आहे. तो पाहायला सोपा, पण तेथे भाव पर्यटकांचे चेहरे पाहून सांगतात.

डोंगरवारा

उत्तरेबद्दल लिहितो. लाओ काय भागातील बाक हा येथे दर रविवारी भरणारा बाजार चुकवू नये. आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखाच त्याचा जीव आहे: लोक नुसते खरेदीला येत नाहीत, नातेवाइकांना भेटायला आणि लग्ने जुळवायलाही येतात. फ्लॉवर ह्मोंग या डोंगरी जमातीच्या स्त्रिया हाताने भरतकाम केलेले झगझगीत घागरे घालून येतात, आणि हे सोंग पाहुण्यांसाठी नसते. एका बाजूला म्हशींचा बाजार असतो. गिऱ्हाईक दात पाहते, पाठीवर थाप मारते, दूर जाऊन उभे राहते आणि पुन्हा येते. वडील तेथून लवकर हलणार नाहीत, एवढा वेळ हाताशी ठेवा. घोड्याच्या मांसाचा रस्सा मोठमोठ्या कढयांत उकळत असतो. त्या रांगेपासून शाकाहारी मंडळींनी थोडे लांबूनच जावे.

हनोईहून लाओ कायपर्यंत रात्रीची रेल्वे आहे, पण वयाचा विचार करता द्रुतगती मार्गाने दिवसा जाऊन शनिवारी बाक हा येथेच मुक्काम करणे मला अधिक बरे वाटते. जानेवारीत तेथे धुके आणि चांगलीच थंडी असते, दक्षिणेत मात्र घाम फुटतो. बॅग त्या हिशेबाने भरावी. शनिवारी सकाळी पोहोचता आले तर जवळच्या कान काउ येथील बाजारही जमेल. तो लहान आहे आणि तेथे उतरणीवर चिखल असतो.

पायवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता दोन प्रश्न उरले: शाकाहाराची सोय आणि घासाघीस.

नदीकाठचा

शाकाहारासाठी ‘आन चाय’ हे दोन शब्द पुरतात. बौद्ध परंपरेमुळे चाय लिहिलेल्या खाणावळी लहान गावांतही सापडतात, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेला, त्या वाढतात. होड्यांवरचे सूप मात्र बहुधा हाडांचे असते, म्हणून तेथे फळे आणि कॉफीवर भागवावे. कॉफीत आटवलेले गोड दूध घालतात.

भाव करायला हरकत नाही, पण सकाळी पहिले गिऱ्हाईक तुम्हीच असाल तर जपून. भवानीचा समज तिकडेही पक्का आहे. अर्धा तास घासाघीस करून काही न घेता निघून गेलात तर बाई खरोखर नाराज होते. वीस हजार आणि पाच लाख डोंग या दोन्ही नोटा निळसर आहेत, तेव्हा पैसे देताना शून्ये मोजावीत.

अर्धा डझन

तारखा ठरवताना तेत, म्हणजे तिकडचे चांद्र नववर्ष, कधी आहे ते आधी पाहा. ते जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येते. त्याआधीचा आठवडा सर्वांत रंगतदार असतो: दक्षिणेत नावा कलिंगडे आणि पिवळ्या फुलांच्या कुंड्यांनी भरलेल्या असतात, आणि हनोईत क्वांग बा येथील रात्रीच्या फुलबाजारात पीचच्या फांद्या येतात. प्रत्यक्ष सणाच्या दिवसांत मात्र बाजार ओस पडतात आणि गाड्यांची तिकिटे मिळत नाहीत. म्हणून तेतच्या किमान तीन-चार दिवस आधी परतीचे विमान घ्यावे.