मदत हवी आहे : लायसन्सवर 'राव', पासपोर्टवर नाही, परमिट अडकलं, पाच आठवड्यांनी निघायचं आहे

संत्राबाग :
नमस्कार. घाईत लिहून राहिली, चूकभूल समजून घ्या. ह्यांचं परदेशात गाडी चालवायचं इंटरनॅशनल परमिट अडकलं आहे. लायसन्सवर मधलं नाव सासऱ्यांचं, ते 'राव' लावून आहे. पासपोर्टवर 'राव' नाही. तीस वर्षांपूर्वी एजंटानं फॉर्म भरला. गावात सासऱ्यांना सगळे रावच म्हणायचे, त्यानंही तसंच लिहून दिलं. नूतनीकरण झालं तेव्हाही तेच नाव पुढं आलं. काल आरटीओच्या खिडकीवर सांगितलं, आधी दोन्हीकडे नाव सारखं करून आणा. कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, बुक झाली, तिकिटं निघाली, पाच आठवडे उरले. 'राव' काढायला किती दिवस लागतात? ज्यानं केलं असेल त्यानं कृपया सांगा.

डांबरीसडक :
ताई, कोणत्या देशात चालल्या? गाडी स्वतःची की भाड्याची? किती दिवसांसाठी? देश कळल्याशिवाय काहीच सांगता येत नाही.

टेम्पो_यवतमाळ :
परमिटचं सोडा, कार्नेटचं काय केलं? स्वतःची गाडी परदेशी न्यायची तर कार्नेट द पासाज, म्हणजे गाडीचं सीमाशुल्काचं कागदपत्र, लागतं. भारतात ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतं. मुदत एक वर्ष. गाडीच्या किमतीच्या हिशेबानं बँक गॅरंटी ठेवावी लागते आणि गाडी परत आणली नाही तर ती रक्कम जाते. मी स्वतः ट्रॅव्हलर व्हॅनमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतली आहे, चौकशी करून फाइल तयार ठेवली आहे. नेपाळला कार्नेट लागत नाही, सीमेवर भन्सार, म्हणजे तिथलं सीमाशुल्क, भरलं की झालं. इराणला लागतं. पाकिस्तानातून आपल्या गाडीला वाट नाही, चीनमध्ये तिथल्या एजन्सीचा गाइड सोबत घ्यावाच लागतो. पाच आठवड्यांत हे होणार नाही, तिकिटं पुढं ढकला.

पुसदकर_पुण्यात :
कॅम्परव्हॅन म्हणजे युरोपच असणार. शेंगेनचा, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांचा, नियम लक्षात ठेवा, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. आमच्या ओळखीच्या एका जोडप्यानं दिवस मोजताना येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरलाच नाही. दोन्ही धरायचे असतात.

संत्राबाग :
माफ करा, देश लिहायचा राहून गेला. घरात तीन महिन्यांपासून दुसरा विषयच नाही, म्हणून वाटलं सगळ्यांना ठाऊकच आहे. न्यूझीलंड. गाडी भाड्याची, आत झोपायची सोय, शेगडी, संडास सगळं आहे. ७५ दिवस, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून. व्हिसा आला आहे. यवतमाळच्या भाऊंनी एवढं लिहिलं त्याबद्दल आभार, पण गाडी न्यायची नाही.

टेम्पो_यवतमाळ :
७५ दिवसांच्या भाड्यात अर्धी गाडी येते. स्वतःची नेलेली कधीही बरी. जहाजानं जाते.

डांबरीसडक :
भाऊ, कशी जाते तेही सांगा. हाय क्यूब, म्हणजे जास्त उंचीच्या, कंटेनरचं दारही अडीच मीटरच्या थोडंसंच वर असतं. छत उंच केलेली ट्रॅव्हलर त्यात शिरते का ते आधी टेप लावून पाहा. त्यात न्यूझीलंडवाले वापरलेली गाडी चाकाच्या खोबणीपर्यंत तपासतात, मातीचा कण चालत नाही. दोन माणसांच्या एका फेरीसाठी हा खटाटोप परवडत नाही.

टेम्पो_यवतमाळ :
मी एका फेरीसाठी गाडी बांधली नाही.

अकोल्याची_ऑकलंडला :
ताई, मी इथं अकरा वर्षांपासून आहे. आधी एक मोठा श्वास घ्या. न्यूझीलंडमध्ये परदेशी लायसन्स वैध असेल आणि इंग्रजीत असेल तर इंटरनॅशनल परमिट लागतच नाही. लायसन्स इंग्रजीत नसेल तेव्हा मान्यताप्राप्त भाषांतर किंवा परमिट मागतात. महाराष्ट्राचं स्मार्ट कार्ड इंग्रजीत असतं. साध्या कारच्या वर्गात इथं ६००० किलोपर्यंतची गाडी चालते, त्यामुळे व्हॅनच्या वजनाचीही अडचण येऊ नये.
पण एक काम आजच करा. गाडी देणाऱ्या कंपनीला मेल टाका : परमिट तुमच्या अटीत आहे का, आणि नावातला एवढा फरक चालेल का. कायदा एक असतो, कंपनीची अट वेगळी असू शकते. उत्तर लेखी घ्या, छापून सोबत ठेवा. काउंटरवर उभं राहून वाद घालायची वेळ येऊ नये.

पांढरंसोनं :
ताई, बाकी सोडा, राजपत्रात नाव बदलून टाका. एकदा गॅझेट झालं का आयुष्यभराची कटकट संपते. माह्या पोराचं केलं, बँक, सातबारा, सगळीकडे कामी पडलं.

डांबरीसडक :
इथं गॅझेट कायले पाहिजे? नाव बदलायचं नाही, पासपोर्टवर बरोबरच आहे. चूक लायसन्सवर आहे. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर लायसन्सवरच्या नावात बदल करायचा अर्ज आहे, पुराव्याला पासपोर्ट जोडा. दुरुस्त कार्ड आलं की परमिट. परमिटचा फॉर्म ४अ, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. पण लायसन्स त्याआधी संपत असेल तर परमिटही तेव्हाच संपतं. परमिट काढलं तरी मूळ लायसन्स सोबत लागतंच. आणि नेटवर 'घरबसल्या आंतरराष्ट्रीय लायसन्स' म्हणून विकणाऱ्या खासगी साइट आहेत, त्यांच्या नादी लागू नका. भारतात परमिट आरटीओ देतं.

पांढरंसोनं :
कार्ड पोस्टानं कधी येईन त्याचा नेम नाही, म्हणून म्हटलं. लायसन्सवरचं 'राव' काढान, उद्या सातबाऱ्यावरच्या 'राव'चं काय करान?

संत्राबाग :
अकोल्याच्या ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली. कंपनीला मेल टाकला आहे. नावबदलाचा अर्जही भरला. सातबाऱ्याचा प्रश्न खरा आहे, पण तो परत आल्यावर पाहू.

गुरुजी_आर्वी :
काकांचं वय किती? ५५ च्या वर असतील तर लायसन्स पाच-पाच वर्षांनीच वाढतं, फॉर्म १अ वर डॉक्टरचा दाखला लागतो. मुदत प्रवासाच्या मधात तर संपत नाही ना, ते पाहा. आणि ७५ दिवस एकटे काका गाडी चालवणार? थकवा येतो. वहिनींना जमत नसेल तर रोज दीडशे किलोमीटरच्या वर ठेवू नका.

संत्राबाग :
वय ५७. मुदत २०२८ पर्यंत आहे, पाहिली. गाडी मीही चालवते. पंधरा वर्षांपासून पिकअप चालवून राहिली, संत्र्याचे क्रेट मंडीत मीच नेते. माझं लायसन्स लग्नानंतरच्या नावाचं आहे, पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतं. बुकिंगमध्ये दुसरी चालक म्हणून माझं नाव आहे.

अकोल्याची_ऑकलंडला :
अहो ताई, हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं! मुख्य चालक तुम्ही व्हा, ह्यांना दुसरे चालक करा. कंपनीला कळवलं की बदलून देतात. मग ह्यांच्या नावाचं काही अडलंच तरी गाडी तुमच्या नावावर ताब्यात मिळते. सोबत इंग्रजीत, नोटरी केलेलं 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र ठेवा.

डांबरीसडक :
हेच सगळ्यात सोपं. मान्य.

गुरुजी_आर्वी :
वहिनी, मी गृहीत धरून बोललो, चुकलं माझं.

मृगाचा_पाऊस :
मी गाडीचं सांगू शकत नाही, पण तुमची बाग कोणत्या बहाराची, म्हणजे कोणत्या हंगामात फुलणारी? आंबिया असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे फुलं आणि बारीक फळं झाडावर. डिसेंबर-जानेवारीत पाण्याचा ताण तोडून पाणी सुरू केलं आणि पुढं एक पाळी चुकली, की फळगळ. मृग असेल तर त्या दिवसांत तोडणी, मग तर माणूस पाहिजेच. ७५ दिवस बाग कोणावर टाकून चालल्या? माझ्या मामेभावानं दोन आठवडे बाग दुसऱ्याच्या भरवशावर सोडली होती. परतला तेव्हा खाली सडा पडला होता.

संत्राबाग :
तुम्ही विचारलं, बरं वाटलं. बाग आंबियाची आहे. धाकटे दीर आणि जाऊ येऊन राहणार आहेत. ठिबक आहे, पण विजेची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्रीची असते, म्हणून रात्री मोटार पाहायला माणूस लावला आहे. तरी मन तिथंच राहील. ह्यांना नोकरीतून निवृत्त होऊन चार महिने झाले. लग्नानंतर आम्ही दोघं मिळून सगळ्यात लांब गेलो ते शेगावला. कधी पेरणी, कधी तोडणी, कधी घरात कोणाचं आजारपण. पुढच्या वर्षीही बाग असेलच आणि तेव्हाही फेब्रुवारीत फुलं येतीलच. म्हणून ह्या वर्षी जातो आहे.

पांढरंसोनं :
जा ताई. बिनधास्त जा.

पुसदकर_पुण्यात :
खाण्याचं काय? इंडक्शन न्या. ज्वारीचं पीठ, तिळाची चटणी, ठेचा, घरचं तूप, बागेतला मध भरून घ्या. तिकडं आपल्यासारखं काही मिळत नाही.

अकोल्याची_ऑकलंडला :
कृपा करून असं सांगू नका. मध आणायला इथं बंदी आहे. तूप, पेढे घरीच ठेवा. संत्री, बियाणं, कलम यांचं नावही नको. खाण्याची जी वस्तू पिशवीत असेल ती जाहीर करा, अगदी मसाल्याची पुडीसुद्धा. जाहीर केलं तर फार तर काढून घेतात. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. तांदूळ, डाळी, कणीक, ज्वारीचं पीठसुद्धा इथं भारतीय दुकानात मिळतं.
तुम्ही शेतकरी आहात म्हणून एक खास सांगते. बागेत घातलेले बूट आणू नका. आणायचेच तर ब्रशनं तळव्याच्या खाचा धुऊन वाळवून आणा आणि जाहीर करा. माती पाहिली की ते थांबवतात. त्यांच्याही फळबागा आहेत, रोग येऊ नये म्हणून जपतात.
इंडक्शन कॅम्पमध्ये विजेचा प्लग घेतला तरच चालेल. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आहे, फक्त प्लगचे पाय वेगळे. रानात मुक्काम असेल तेव्हा गाडीतल्या गॅसवरच भाकरी करा.

संत्राबाग :
बुटाचं कोणीच सांगितलं नव्हतं. हे रोजचेच बूट घालून निघणार होते. ताई, अजून काही असेल तर सांगा, मी वहीत लिहून घेते आहे.

अकोल्याची_ऑकलंडला :
गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, हा मोठा दिलासा. एकपदरी पूल जागोजागी आहेत, कोणी थांबायचं ते अलीकडच्या पाटीवर असतं. लाल बाण तुमच्या दिशेचा बारीक असेल तर तुम्ही थांबायचं. वेलिंग्टनहून पिक्टनला गाडीसकट बोटीनं जाल, साधारण साडेतीन तास, भाडं गाडीच्या लांबीवर. बोटीवर चढण्याआधी गॅसची टाकी बंद करा. डिझेल गाडीला किलोमीटरमागे रस्ता कर असतो, तो भाड्यात आहे की शेवटी लावणार, तेही मेलमध्ये विचारा. खडीच्या रस्त्यावर विमा चालतो का, तेही. फुकट मुक्काम वाटेल तिथं करता येत नाही, पाटी वाचून थांबा. सांडपाणी आणि संडासाची टाकी ठरवलेल्या डंप स्टेशनवरच रिकामी करायची. पहिल्यांदा किळस वाटते, हातमोजे घ्या.

टेम्पो_यवतमाळ :
ताई, डंप स्टेशनचा फोटो जमलं तर टाका. आपल्याकडे हायवेवर अशी सोय नाही, माझ्या गाडीच्या टाकीचं मला दर वेळी कोडं पडतं.

संत्राबाग :
सगळ्यांना कळवते. कंपनीचं उत्तर आलं. लायसन्स इंग्रजीत असल्यानं परमिट लागणार नाही. मुख्य चालक म्हणून माझं नाव टाकलं. ह्यांच्यासाठी पासपोर्ट, लायसन्स आणि प्रतिज्ञापत्र तिन्ही काउंटरवर दाखवा म्हणाले. मेल छापून फाइलमध्ये लावला. रस्ता कर शेवटी किलोमीटर पाहून घेणार, खडीच्या रस्त्यावर विमा नाही. कार्ड अजून आलं नाही, आलं तर ठीक. नवीन बूट काल घेतले, ते पेटीतच ठेवले आहेत. भाऊ, फोटो नक्की टाकते.

मृगाचा_पाऊस :
दिरांचा नंबर मला खासगी निरोपात पाठवा. मी जवळच असतो, दर पंधरा दिवसांनी बागेत एक चक्कर टाकीन.