मारबतीच्या गर्दीत मेमरी कार्ड बदलताना काय सांभाळायचं?

तान्हापोळा_क्लिक: नमस्कार मंडळी. नागपूरची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक टिपायची आहे. कॅमेऱ्याला एकच स्लॉट, ६४ जीबीची दोन एसडी कार्डं. इतवारीच्या गर्दीत, भुरभुर पावसात, उभ्याउभ्या कार्ड बदलावं लागेल. घाईत काढलेलं कार्ड कधीकधी ‘वाचता येत नाही’ म्हणून दाखवतं, ते नेमकं कशामुळे? आणि रिकामं कुठे करायचं, लॅपटॉपवर की कॅमेऱ्यात?

महालचा_लेन्सवाला: भाऊ, कार्ड क्वचितच मरतं. मोडते ती त्याच्यावरची नोंदवही. फोटोचा डेटा एकीकडे लिहिला जातो आणि कोणता फोटो कुठे आहे याची यादी दुसरीकडे. यादी अर्धवट असताना वीज तुटली की फोटो आत असूनही कार्ड कोरं किंवा खराब दिसतं.

म्हणून कार्डाच्या झाकणाजवळचा किंवा मागच्या बाजूचा तो छोटा, बहुधा लाल, दिवा बघायचा: तो पेटलेला असेपर्यंत कार्डावर लिहिणं चालू असतं. हिशोब करा: रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल २५ एमबीची, सलग ४० फोटो, म्हणजे १००० एमबी. कार्डाचा लिहिण्याचा खरा वेग सेकंदाला ३० एमबी असेल तर बोट बटणावरून उचलल्यावरही अर्ध्या मिनिटाच्या वर लिहिणं चालू राहतं. कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग बहुतेकदा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही. व्ही३० खूण म्हणजे सलग लिहिताना किमान ३० एमबीची हमी.

क्रम असा: शेवटचा फोटो, दिवा विझेपर्यंत थांबणं, स्विच बंद, मग झाकण. बरेच कॅमेरे स्विच बंद केल्यावरही आधी उरलेलं लिहून घेतात, पण बॅटरी ओढली तर ते त्यांच्या हातात राहत नाही. बॅटरी आणि कार्ड एकाच झाकणाखाली असेल तर तिथे हमखास चूक होते. बॅटरी अगदी संपत आली असेल तर ती कार्डाच्या आधीच बदला, अर्थात दिवा विझल्यावरच.

सीताबर्डी_७७: पावसाचं सांगतो. कॅमेरा पोटाशी धरा, झाकण खाली किंवा आडवं, वर छत्री. कार्ड ओढायचं नाही. आत हलकं दाबा, टिक आवाज आला की स्प्रिंगच बाहेर देते. कडेनं धरा. मागच्या सोनेरी पट्ट्यांवर घामाचं बोट लागू देऊ नका. शर्टाच्या खिशात नको, कडक डबीत ठेवा: रिकामं कार्ड लेबल वर करून, भरलेलं कार्ड लेबल खाली करून. घाईत हा फरक नुसत्या नजरेनं कळतो. स्लॉटमध्ये तोंडानं फुंकू नका, थुंकीचे थेंब जातात. रबरी ब्लोअर वापरा. कार्ड भिजलंच तर सुती कापडानं टिपून पूर्ण वाळेपर्यंत कशातच घालू नका.

महालचा_लेन्सवाला: रिकामं करण्याचं राहिलं. फोटो दोन ठिकाणी उतरवा, प्रत्येक ठिकाणच्या काही फाइल उघडून बघा, मगच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा. कॅमेरा स्वतःला हवी ती रचना आणि फोल्डर मांडून घेतो (६४ जीबीला एक्सफॅट नावाची). लॅपटॉपवर एकेक फोटो पुसणं टाळा आणि तिथून कार्ड काढताना ‘इजेक्ट’ केल्याशिवाय हात लावू नका.

तान्हापोळा_क्लिक: आणि तरी ‘वाचता येत नाही’ आलंच तर? कार्डाच्या कडेचं, लिहिणं-पुसणं अडवणारं लॉक सरकवून ठेवलं तर चालेल?

सीताबर्डी_७७: तिथल्या तिथे थांबा. कॅमेरा ‘फॉरमॅट करू?’ विचारेल, नाही म्हणा. त्या कार्डावर एकही नवा फोटो नको, कारण जुन्या फोटोंच्या जागेवर नवा लिहिला गेला की ते परत येत नाहीत. घरी आधी पूर्ण कार्डाची इमेज (जशीच्या तशी नक्कल एका फाइलीत) बनवा, मग फोटोरेक हे हरवलेले फोटो शोधणारं सॉफ्टवेअर त्या इमेजवर चालवा. सापडलेले फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवा, त्याच कार्डावर कधीच नाही. फाइलींची मूळ नावं मिळणार नाहीत.

लॉक जरूर सरकवा, पण त्यावर विसंबू नका. तो नुसता प्लास्टिकचा तुकडा आहे. तो कुठे आहे हे रीडर बघतो आणि काही रीडर बघतच नाहीत. उलट कार्ड घालताना तो घासून खाली सरकतो आणि कॅमेरा ‘कार्ड लॉक’ दाखवतो. तसं झालं तर घाबरू नका. काढा, लॉक पट्ट्यांच्या बाजूला वर ढकला, परत घाला.