न्यूट्रिनो संशोधनात करिअर : मुलीच्या निवडीबाबत विचारणा

प्रश्न (उद्यमनगर, कोल्हापूर)
माझी मुलगी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला न्यूट्रिनो खगोलशास्त्रातच काम करायचे आहे. माझा लेथचा कारखाना आहे; पृथ्वीतून आरपार जाणाऱ्या कणाच्या मागे आयुष्य घालवायचे म्हणजे काय, हे मला उमगत नाही. तिला अडवायचे नाही, पण ती दिवसभर नेमके काय करील, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक)
न्यूट्रिनो स्वतः दिसत नाही. लाखो-कोटींतला एखादा बर्फातल्या अणूवर आदळतो आणि त्यातून सुटलेला कण निळसर प्रकाश सोडत जातो, तो टिपायचा असतो. त्यासाठी दक्षिण ध्रुवावरील आइसक्यूब या न्यूट्रिनो-वेधशाळेत १४५० ते २४५० मीटर खोल बर्फात ५१६० प्रकाशसंवेदक सोडले आहेत. तिथे वातावरणातून आलेल्या सुमारे दहा लाख म्यूऑनांमागे (म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) एक न्यूट्रिनो सापडतो, म्हणून तिचा बराचसा दिवस संगणकावर हे म्यूऑन गाळण्यात जाईल. चिकाटी मात्र हवी. फेब्रुवारी १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेत तारा फुटला तेव्हा जपानच्या कामिओकांदे या भूमिगत प्रयोगाला जेमतेम अकरा न्यूट्रिनो मिळाले, पण कोसळत्या गाभ्याची बहुतांश ऊर्जा न्यूट्रिनोच वाहून नेतात, हे त्या मोजक्या नोंदींनी दाखवून दिले.

उत्तर २ (संशोधक, मूळचा कोल्हापूरचा)
वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, १९६५ सालीच झाली होती, हे तिला अवश्य सांगा. तमिळनाडूतील थेनीची नियोजित न्यूट्रिनो प्रयोगशाळा मात्र हरकतींत व न्यायालयात अडकली, त्यामुळे केवळ तिच्या भरवशावर बेत आखू नये. बी.एस्सी.नंतर टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हिची प्रवेशपरीक्षा व आयआयटी वगैरेंतील एम.एस्सी. प्रवेशासाठीची जॅम या दोन्ही द्याव्यात. उटीला टीआयएफआरचा ग्रेप्स-३ हा वैश्विक किरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचा, प्रयोग चालतो. त्यात म्यूऑन टिपणाऱ्या ३७१२ चौकोनी पोलादी नळ्या आहेत; प्रत्येक सहा मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद, आत वायू आणि मधोमध टंगस्टनची बारीक तार. वायू गळला वा तार ढिली पडली, तर त्या नळीची नोंद बिघडते. अशी नळी स्वतः हाताळलेल्या विद्यार्थ्याला आकड्यांतली खोट लवकर कळते, असा माझा अनुभव आहे, आणि आपल्या मुलीच्या घरी तर कारखानाच आहे.

मूळ प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे तिला वाचून दाखवली. रविवारी ती कारखान्यात येणार आहे. सहा मीटरच्या चौकोनी नळीची टोके वायू न गळता कशी बंद करायची, हे आम्ही दोघे करून पाहणार आहोत.